उलटी केलेली साखळी

गळ्यातली बारीक साखळी काढा, तिची टोकं दोन हातांच्या चिमटीत पकडा आणि स्वयंपाकघरातल्या चौकोनी टाइल्ससमोर धरा. हात जवळ आणले की झोळ खोल होतो, लांब नेले की उथळ. पण कितीही ताणा, साखळी अगदी सरळ होत नाही. मधल्या कड्यांचं वजन वर पेलायचं तर ओढीला थोडा तरी तिरपेपणा हवाच, निव्वळ आडव्या ओढीने वजन उचललं जात नाही.

कपडे वाळत घालायच्या दोरीचंही तेच. चार मीटर दोरीवर १० किलो ओले कपडे सारखे पसरले आणि झोळ १० सेंटीमीटरच हवा असेल, तर ओढ साधारण ५० किलो वजनाइतकी लागते. झोळ पाच सेंटीमीटरवर आणायचा तर १०० किलो! भिंतीतला खिळा उपटून येतो तो असा.

हा आकार नेमका कोणता? फेकलेला दगड ज्या वाटेने जातो त्या अन्वस्ताच्या तो फार जवळचा, असं गॅलिलिओने १६३८ मध्ये लिहिलं. तो अन्वस्त नाहीच, हे १६४६ मध्ये डच गणितज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने सिद्ध केलं, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. झुलत्या पुलाच्या तारेवर रस्त्याचा भार आडव्या अंतरात सारखा वाटलेला असतो, म्हणून ती जवळजवळ अन्वस्त होते. साखळीचं वजन मात्र तिच्या लांबीवर वाटलेलं असतं. टोकांकडे ती उभी होत जाते, तिथे तेवढ्याच आडव्या अंतरात जास्त कड्या मावतात. १६९० मध्ये स्विस गणितज्ञ याकोब बर्नुलीने हे कोडं जाहीरपणे घातलं. पुढच्याच वर्षी लायब्निट्स, हायगेन्स आणि याकोबचा धाकटा भाऊ योहान यांनी ते सोडवलं. या वक्राला कॅटेनरी म्हणतात, मराठीत रज्जुवक्र.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचं म्हणणं. १६७५ मध्ये त्याने ते अक्षरांची उलटापालट करून छापलं आणि उकल त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आली: लवचीक दोरी जशी लोंबते, तशीच उलटी केल्यावर ताठ कमान उभी राहते. साखळीत फक्त ताण असतो. ती उलटी करा, ताणाच्या जागी तेवढाच दाब येतो. दगड-विटांना ताण सोसत नाही, दाब मात्र त्या शतकानुशतकं सोसतात.

रोममधल्या सेंट पीटर्सच्या घुमटाला भेगा पडल्या, तेव्हा इटालियन गणितज्ञ जोव्हानी पोलेनीने हेच वापरलं. संत्र्याच्या फोडींसारखे घुमटाचे ५० भाग कल्पून त्याने समोरासमोरच्या दोन फोडींची एक कमान घेतली. तिचे ३२ तुकडे मानले आणि प्रत्येकाच्या वजनाच्या प्रमाणात एकेक गोळी दोरीत ओवून ती माळ टांगली. माळेचा आकार उलटा करून घुमटाच्या नकाशावर ठेवला, तर ती रेषा पूर्णपणे भिंतींच्या जाडीच्या आत राहिली. भेगा असल्या तरी घुमट उभा राहील, असं त्याने सांगितलं. तरी खबरदारी म्हणून त्याच्या सल्ल्याने घुमटाभोवती लोखंडाची कडी आवळली गेली. घुमट आजही उभा आहे.