टॉप-अप आणि सुपर टॉप-अप: दवाखान्याची वारी वारंवार करावी लागणाऱ्या घरासाठी

मेडिक्लेमचा हप्ता परवडेनासा झाला की विमा प्रतिनिधी बहुधा एकच तोडगा सुचवतो: मूळ पॉलिसी तीन किंवा पाच लाखांचीच राहू द्यावी आणि तिच्या जोडीला कमी हप्त्यात मिळणारे दहा-वीस लाखांचे जास्तीचे संरक्षण घ्यावे. हा तोडगा खरोखरच चांगला आहे. मात्र असे संरक्षण दोन प्रकारचे असते, एक टॉप-अप आणि दुसरे सुपर टॉप-अप, आणि बोलताना दोहोंनाही सर्रास ‘टॉप-अप’ म्हटले जाते. ज्या घरात कर्करोग किंवा मूत्रपिंडाचा विकार मुक्कामाला आलेला आहे, त्या घराला ‘सुपर’ हा एक शब्द गळाल्याची किंमत लाखांत मोजावी लागते. आमच्या घराने ती मोजली आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी दोहोंतले साम्य पाहू. दोन्ही पॉलिसींत एक ठरावीक रक्कम असते, तिला डिडक्टिबल म्हणतात. तेवढा खर्च होईपर्यंत ही पॉलिसी एक रुपयाही देत नाही. तो खर्च मूळ मेडिक्लेममधून भागवायचा किंवा पदरमोड करायची. त्यापुढचा खर्च मात्र कंपनी विमा रकमेच्या मर्यादेपर्यंत उचलते. सुरुवातीच्या लहानसहान बिलांची जबाबदारी कंपनीवर नसल्यामुळेच हप्ता एवढा कमी असतो. मूळ मेडिक्लेम असलीच पाहिजे अशी अट सहसा नसते, पण ती नसेल तर डिडक्टिबलची सगळी रक्कम आपल्या खिशातून जाते.

फरक आहे तो डिडक्टिबल कशी मोजतात यात. मराठवाड्यात टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या माणसाला हे रांजणाच्या उदाहरणाने चटकन उमगेल. डिडक्टिबल हा आपण भरायचा रांजण आहे आणि तो भरून जे ओसंडते, तेवढ्याचीच भरपाई कंपनी करते. सुपर टॉप-अपमध्ये पॉलिसीच्या पूर्ण वर्षासाठी एकच रांजण असतो. वर्षभरातली लहान-मोठी सगळी बिले त्याच रांजणात पडतात आणि एकदा तो भरला की पुढचे प्रत्येक बिल ओसंडते. साध्या टॉप-अपमध्ये मात्र प्रत्येक वेळी रुग्णालयात दाखल होताना नवा, कोरडा रांजण पुढ्यात येतो. मागच्या खेपेला त्यात किती ओतले होते याचा हिशेब नव्या रांजणाला नसतो.

आमच्या थोरल्या वहिनींना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा दादांकडे तीन लाखांची मेडिक्लेम आणि तीन लाख डिडक्टिबल असलेली दहा लाखांची टॉप-अप होती. लातूरहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन-येऊन उपचार झाले आणि ते सगळे एकाच पॉलिसी वर्षात आटोपले. शस्त्रक्रियेचे बिल 1,85,000 रुपये आले. पुढे केमोथेरपीच्या सहा फेऱ्यांचे प्रत्येकी 45,000 प्रमाणे 2,70,000 रुपये झाले आणि शेवटी रेडिएशनचे 1,40,000 रुपये. एकूण खर्च 5,95,000 रुपयांचा. मूळ मेडिक्लेमने तीन लाख दिले आणि उरलेल्या 2,95,000 रुपयांसाठी दादांनी मोठ्या विश्वासाने टॉप-अपचा दावा दाखल केला. तो नामंजूर झाला, कारण यांतले एकही बिल एकट्याने तीन लाखांच्या वर गेलेले नव्हते. ती पॉलिसी सुपर टॉप-अप असती, तर 2,95,000 ची सगळी रक्कम मंजूर होण्याजोगी होती. पॉलिसी विकताना प्रतिनिधीने हा फरक सांगितला नव्हता, आणि विचारायला हवे हे आम्हालाही ठाऊक नव्हते. त्या वर्षी सोयाबीनचे आलेले सगळे पैसे दवाखान्यात गेले.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा. काही टॉप-अप पॉलिसींत डिडक्टिबल ‘एका आजारा’ला लावतात, आणि विम्याच्या प्रचलित व्याख्येनुसार रुग्णालयाच्या शेवटच्या सल्ल्यापासून 45 दिवसांच्या आत तोच आजार उलटला, तर तो एकच आजार धरला जातो. अशी शब्दरचना असेल, तर एकवीस-एकवीस दिवसांनी होणाऱ्या केमोथेरपीची बिले एकत्र मोजा असा आग्रह धरता येतो. दादांच्या पॉलिसीत मात्र ‘प्रत्येक वेळी दाखल होताना’ असे स्पष्ट छापलेले होते. ज्यांच्याकडे आधीपासून टॉप-अप आहे, त्यांनी ही ओळ आजच शोधून पाहावी.

डायलिसिसच्या रुग्णाच्या बाबतीत तर फरक आणखी ठळक होतो. आठवड्यातून तीनदा म्हणजे वर्षाला सुमारे 156 वेळा डायलिसिस होते. हिशेबापुरता एका वेळचा खर्च 2,000 रुपये धरला, तर वर्षाचे 3,12,000 रुपये होतात. डायलिसिस डे-केअरमध्ये मोडत असल्याने त्यासाठी चोवीस तास दाखल राहण्याची अट नसते, पण दोन हजारांचे बिल तीन लाखांचा रांजण कधीच भरू शकत नाही. सुपर टॉप-अपमध्ये तीच बिले थेंबाथेंबाने साचत जातात. त्याच वर्षी फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याच्या, शस्त्रक्रियेचे 60,000 आणि जंतुसंसर्गामुळे दाखल व्हावे लागल्याचे 1,10,000 रुपये त्यांत मिळवले, तर एकूण 4,82,000 होतात आणि तीन लाखांवरचे 1,82,000 रुपये पदरात पडतात.

मग साधी टॉप-अप कुणी घ्यावी? अपघात, बायपास किंवा प्रत्यारोपण अशा एकाच मोठ्या बिलाच्या प्रसंगी दोन्ही पॉलिसी सारखेच पैसे देतात आणि टॉप-अपचा हप्ता सहसा थोडा कमी असतो. माझे मत विचाराल, तर हप्त्यातली ती बचत एवढी तुटपुंजी असते की तिच्यासाठी घरात दीर्घ आजार असणाऱ्यांनी टॉप-अपच्या वाटेला जाऊ नये.

पॉलिसीच्या नावावरून मात्र तिचा प्रकार ओळखू नये, कारण कंपन्या आपल्या योजनांना हवी ती आकर्षक नावे देतात. डिडक्टिबलच्या आधी ‘ॲग्रिगेट’ म्हणजे वर्षभराची एकत्रित असा शब्द आहे, की ‘पर क्लेम’ म्हणजे प्रत्येक दाव्याला वेगळी असा आहे, हे पाहावे. पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक देणे कंपनीवर बंधनकारक आहे आणि मागितल्यास ते मराठीतही मिळते. प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनापेक्षा त्या पत्रकावर विसंबावे. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करण्याची मुभा असते, त्यामुळे चुकीची पॉलिसी आली असेल तर ती बदलून घ्यायला महिनाभराचा अवधी मिळतो.

सुपर टॉप-अपमध्येही दोन ठिकाणी फसगत होते. पहिली वर्षाच्या मोजणीत. हे वर्ष एप्रिल ते मार्च असे नसून पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासूनचे असते आणि नूतनीकरणाच्या दिवशी रांजण पुन्हा कोरडा होतो. पॉलिसी जूनमध्ये संपत असेल आणि केमोथेरपी मे ते ऑगस्ट चालणार असेल, तर खर्च दोन वर्षांत विभागला जातो. म्हणून मूळ पॉलिसी आणि सुपर टॉप-अप या दोन्हींची नूतनीकरणाची तारीख शक्यतो एकच असावी. दुसरी फसगत कोणता खर्च मोजायचा यात होते. पॉलिसीच्या नियमांत बसणाराच खर्च रांजणात धरला जातो. मर्यादेबाहेरचे खोलीभाडे किंवा पॉलिसीत न बसणाऱ्या वस्तूंचे पैसे भरूनही ते मोजले जात नाहीत.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी असतील, तर पहिल्या कंपनीचे दावा निकाली काढल्याचे पत्र, बिलांच्या साक्षांकित प्रती आणि प्रत्येक वेळची डिस्चार्ज समरी दुसऱ्या कंपनीला लागते. पहिल्या बिलापासूनच एक फाईल करावी. डायलिसिसच्या रुग्णाकडे वर्षअखेरीस दीडशेच्या वर पावत्या जमतात, आणि त्यांतली हरवलेली प्रत्येक पावती रांजणातले तेवढे पाणी कमी करते.

आता सगळ्यांत अवघड भाग. निदान आधीच झालेल्या माणसाला नवी सुपर टॉप-अप मिळेलच असे नाही. प्रस्ताव नाकारण्याचा अधिकार कंपनीला असतो आणि कर्करोगाच्या किंवा डायलिसिसच्या रुग्णांच्या वाट्याला बहुधा नकारच येतो. प्रस्ताव स्वीकारला गेला, तर आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ, 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिन्यांचा ठेवता येतो. म्हणूनच सुपर टॉप-अप हाती आली नसताना हप्त्याला कंटाळून रुग्णाची मूळ मेडिक्लेम सोडणे फार घातक आहे. आधी दावे घेतले या कारणाने कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, पण एकदा सोडलेल्या पॉलिसीत परतण्याची वाट बहुधा बंद झालेली असते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी उठला आहे, तेव्हा हप्ता डोईजड म्हणून पॉलिसी बंद करण्याआधी नवा आकडा मागवून घ्यावा.

रांजण भरेपर्यंतचा खर्च कुठून आणायचा, या प्रश्नाला आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचाही आधार आहे. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांना पांढरी शिधापत्रिका असूनही या योजनेत पूर्वीपासून स्थान होते. जुलै 2024 पासून ती राज्यातल्या सर्वच कुटुंबांसाठी खुली झाली असून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. अट एवढीच की रुग्णालय योजनेत असावे आणि उपचार यादीतला असावा. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटावे किंवा 155388 वर विचारावे.

दादांनी ती टॉप-अप पुढे चालू ठेवली नाही. स्वतःसाठी आणि दोन्ही मुलांसाठी त्यांनी तीन लाखांच्या एकत्रित डिडक्टिबलची सुपर टॉप-अप घेतली. वहिनींचा प्रस्ताव कंपनीने नाकारला. त्यांचे नाव जुन्या तीन लाखांच्या मेडिक्लेममध्ये आहे आणि तिचा हप्ता दादा मुदतीच्या आठवडाभर आधीच भरतात.