पार्श्वभूमी : पाळणाघर आणि एकट्या आईची मजुरी

सिन्नरला घरी विड्या वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. सुपात भिजवून कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा. शेजारी रांगतं पोर. मजुरी हजार विड्यांमागे, त्यातही खराब विड्या बाजूला काढल्या की पैसे कापले जातात. तरीही हे काम सुटत नाही, कारण पोराजवळ बसून करता येतं.

नवरा वारलेला, नवऱ्यानं टाकलेली किंवा स्वतःच बाहेर पडलेली, अशा एकल बाईपुढे काम करावं की नाही हा प्रश्न कधीच नसतो. ती करतेच. कोणतं काम करता येईल, हा खरा प्रश्न. नाशकातल्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात कामाची पाळी (शिफ्ट) ठरलेली, पीएफ-ईएसआय (भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विमा) कापलं जाणारी नोकरी एकीकडे. विड्या, धुणीभांडी, मिळेल त्या दिवसाची शेतमजुरी दुसरीकडे. वर्ष-दीड वर्षाचं बाळ दिवसभर कुणाकडे ठेवायचं, यावर ती यातल्या कुठल्या बाजूला जाणार ते ठरतं. परवडणाऱ्या पाळणाघराचा गरिबीशी संबंध आहे तो इथे.

आपल्याकडे हा विषय पहिल्यांदा गिरणीत आला. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका बाळाला अफूची गोळी चाटवून खोलीत झोपवून जात. 1920 च्या दशकातल्या डॉक्टरांच्या अहवालांत याची नोंद आहे. 1928 साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या भरपगारी रजेच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला. पाळणाघराची सक्ती त्यानंतरची. 1948 च्या कारखाने कायद्यातल्या कलम 48 नं पन्नासहून जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्याला सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायला लावली. 1976 मध्ये पन्नासचे तीस झाले.

हेतू चांगला, पण मोजणी चुकली. बायकांची डोकी मोजून खर्च मालकावर टाकला की मालक बायकाच कमी घेतो. तिसाचा आकडा ओलांडायचा नाही, किंवा तिसाच्या वरच्या बायका ठेकेदाराच्या हजेरीपटावर दाखवायच्या, ही चाल कामगार चळवळीतल्या कुणालाही नवी नाही. घरी विडी वळणारी तर या हिशेबात आलीच नाही. 1966 च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघर होतं, पण ते कारखान्याच्या आवारात. राहत्या घरात वळणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? आणि एकटा बाप? तो कायद्याच्या डोळ्यांसमोर नव्हताच. मोजणी सुधारली ती 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं: पन्नास किंवा अधिक कर्मचारी, मग ते पुरुष असोत की स्त्रिया. अंबडमधली कितीतरी वर्कशॉप मात्र पन्नाशीच्या खालीच आहेत.

दुसरा धागा बालशिक्षणाचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला पाड्यावरच्या मुलांसाठी बालवाडीचं जे काम उभं केलं, त्याच वाटेवर पुढे अंगणवाडी आली. केंद्राची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. अंगणवाडीनं पोषण आणि अक्षरओळख सांभाळली, आईची कामाची पाळी नाही. ती काही तास भरते, तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, आणि पहिल्या पाळीची बाई तोवर कधीच मशिनवर उभी असते.

बांधकामावरच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस या संस्थेनं 1969 मध्ये दिल्लीत काम सुरू केलं. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानंही पन्नासहून जास्त स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सांगितलं होतं. सिंहस्थासाठी नाशकात सुरू असलेल्या कामांवर हा आकडा कुठे भरतो का, ते बघायला हवं.

पैशाचं म्हणाल तर सरकारी पाळणाघर महाग कधीच नव्हतं. 2017 च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिन्याला 20 रुपये शुल्क होतं. दिवसाला साडेसात तास. अडचण अशी की केंद्रंच मोजकी, आणि कारखान्याची पाळी अधिक जाण्यायेण्याचा वेळ धरला तर साडेसात तास पुरत नाहीत.

बाहेर याचे प्रयोग झाले आहेत. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात 1997 पासून दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर मिळू लागलं. 1996 ते 2008 या काळात तिथे सरकारी मदतीवर जगणाऱ्या एकल-पालक कुटुंबांची संख्या 99,000 वरून 45,000 वर आली. (सगळं श्रेय पाळणाघराला देऊ नये, त्या वर्षांत रोजगारही वाढला होता.) नैरोबीतल्या कोरोगोचो वस्तीतला अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. पाळणाघराचा खर्च भागवल्यावर एकल नसलेल्या आयांमध्ये काम करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. एकल आया आधीपासूनच राबत होत्या; त्यांचे कामाचे तास कमी झाले, कमाई मात्र घटली नाही.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येतात. छाटणीपासून काढणीपर्यंत मांडवाच्या अँगलला साडीची झोळी बांधलेली दिसते आणि ती हलवायला सात-आठ वर्षांची बहीण. आई एकटी असेल तर हीच मुलगी घरचं पाळणाघर होते, तिची शाळा सुटते आणि दहा वर्षांनी तीही त्याच बागेत मजुरीला उभी राहते.

करोनानंतर एकल महिलांचा प्रश्न राज्यात ऐरणीवर आला. एकल पालकाच्या मुलालाही मिळणाऱ्या बालसंगोपन योजनेची रक्कम महिना 2,250 रुपये झाली. तिचा आधार आहेच, पण सकाळी सहाला बाळ कुणाच्या हाती द्यायचं, हे त्या पैशानं सुटत नाही. 2022 पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. नाशकात ती चुंचाळे, श्रमिकनगर अशा कामगार वस्त्यांत आधी यावी आणि तिची वेळ सरकारी कचेरीच्या घड्याळावर न लावता कारखान्याच्या भोंग्यावर लावावी.