गुठळी असताना डिस्चार्ज दिला? ग्राहक आयोगात जाण्याआधी हे कागद हातात हवेत

ऑपरेशन झालेल्या किंवा पायाला प्लास्टर असलेल्या रुग्णाची पोटरी सुजते, धाप लागते. तरी डॉप्लर (पायाच्या शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) न करता घरी सोडतात आणि पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकते. यात निष्काळजीपणा झाला असेल, तर रुग्ण किंवा त्याच्या पश्चात वारस ग्राहक आयोगाकडे भरपाई मागू शकतात. बिल विमा कंपनीने भरलं असलं तरीही. सरसकट सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध मात्र इथे तक्रार चालत नाही.

नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. त्यावर 'प्रकृती स्थिर' एवढंच असतं. खरी माहिती इनडोअर केस पेपरमध्ये असते: शेवटच्या रात्रीची नाडी आणि ऑक्सिजन, नर्सच्या नोंदी, रक्त पातळ करणारं इंजेक्शन कधी बंद केलं. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत या प्रती द्याव्याच लागतात. तरी काउंटरवर 'पुढच्या आठवड्यात या' ऐकावं लागतं, आणि तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही. लेखी अर्ज द्या, शिक्का-तारखेची पोच घ्या. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

बिलाच्या गडबडीत सही करताना कृपा करून कागद वाचा. 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' असं त्यावर असेल आणि तसं घडलेलं नसेल, तर सही करू नका. पुढे रुग्णालय हाच कागद आयोगापुढे ठेवतं.

सगळ्यात अडचणीचा कागद शवविच्छेदन अहवाल. घरी आलेला माणूस अचानक गेला की 'आता चिरफाड नको' असं घरच्यांना वाटणारच. पण अहवाल नसेल तर मृत्यू गुठळीनेच झाला हे सिद्ध करणं फार जड जातं. संशय असेल तर अंत्यविधीआधीच पोलिसांना कळवा.

मुदत दोन वर्षांची. रुग्णालयाला नोटीस पाठवली, मेडिकल कौन्सिलकडे किंवा पोलिसांत तक्रार दिली, म्हणून ती थांबत नाही; उत्तराची वाट बघण्यात कित्येकांची मुदत निघून जाते. वाद नको म्हणून डिस्चार्जच्या तारखेपासूनच मोजा. उशीर झालाच तर सबळ कारणासह विलंबमाफीचा अर्ज जोडा.

तज्ज्ञ डॉक्टरचं मत दर वेळी सक्तीचं नाही, पण गुठळीच्या प्रकरणात घ्याच.

कोणत्या आयोगात जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, भरलेल्या बिलावर ठरतं. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि बिल 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. रुग्णालय पुण्यात आणि तुम्ही लातूरचे असाल, तर लातूरलाच तक्रार करता येते.