रिपोर्ट निगेटिव्ह, तरी नाक वाहतंच

झाडलोट सुरू झाली की शिंकांची सरबत्ती, नाकात खाज, डोळ्यांना पाणी. लक्षणं सगळी ॲलर्जीची. पण त्वचा-चाचणीत, म्हणजे ॲलर्जीकारक पदार्थ त्वचेत किंचित टोचून पाहिल्यावर, हातावर एकही गांधी उठत नाही आणि रक्ततपासणीतही काही सापडत नाही. मग ‘ॲलर्जी नाही’ असं सांगून पेशंटला घरी पाठवलं जातं. यातल्या अनेकांची ॲलर्जी खरी असते. ती फक्त नाकापुरती असते.

ॲलर्जीच्या मुळाशी आयजीई नावाचं प्रतिपिंड असतं. या मंडळींत ते नाकाच्या अस्तरातल्या बी पेशी तिथल्या तिथेच तयार करतात. शेजारीच मास्ट पेशी असतात, हिस्टामाइनच्या कणांनी गच्च भरलेल्या. आयजीई त्यांच्या पृष्ठभागावर घट्ट चिकटून बसतं आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहतं. श्वासाबरोबर धुळीतल्या किड्यांच्या विष्ठेचा कण आत आला आणि त्यातल्या प्रथिनाने शेजारशेजारच्या आयजीईंना एकत्र जोडलं, की काही मिनिटांत मास्ट पेशी आपला साठा बाहेर टाकते. हिस्टामाइनमुळे चेतातंतू डिवचले जाऊन शिंका येतात, तर रक्तवाहिन्या पाझरू लागल्याने नाक गळतं. काही तासांनी इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. मग सूज रेंगाळते आणि नाक रात्रभर चोंदलेलं राहतं.

रक्तात मात्र या आयजीईचा फारसा मागमूस नसतो. मुळात ते थोडंच बनतं, त्यातलं बरंचसं जागेवरच पकडलं जातं आणि रक्तात उतरलेलं दोनेक दिवसांत निम्म्यावर येतं. त्वचेतल्या मास्ट पेशींपर्यंत ते पुरेसं पोचत नाही. मग गांधी उठणार कशी?

त्वचा-चाचणी निगेटिव्ह असलेल्यांच्या नाकातल्या स्रावात आयजीई सापडल्याची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1975 सालीच झाली होती. तरीही विषय कित्येक वर्षं मागेच पडला. स्पेनमधल्या मालागा शहरात कार्मेन रोंडोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 पासून तो नेटाने पुढे नेला. त्यांनी ॲलर्जीकारक पदार्थ थेट नाकातच सोडला आणि आधी-नंतर नाक किती मोकळं आहे ते मोजलं. 2012 साली त्यांनी 428 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या सुमारे चौथाई लोकांना ही नाकापुरतीच ॲलर्जी होती.

नाकाची ही चाचणी वेळखाऊ आहे, तिला प्रशिक्षित माणसं लागतात आणि त्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. म्हणून ती मोजक्याच ठिकाणी होते. पण वर्षानुवर्षं शिंकणाऱ्या माणसाने कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तिची चौकशी जरूर करावी, असं मला मनापासून वाटतं. कारण हा आजार ‘साधी सर्दी’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. काहींमध्ये तो वाढत जातो, दम्याचीही जोड मिळते. शिवाय निदान पक्कं झालं तर उपचार बदलतात. धुळीतल्या किड्यांच्या अर्काची इंजेक्शनं देऊन केलेल्या इम्युनोथेरपीने, म्हणजे शरीराला त्या पदार्थाची हळूहळू सवय लावणाऱ्या उपचाराने, अशा रुग्णांचा त्रास कमी झाला, औषधं कमी लागली आणि पूर्वी ज्या मात्रेला नाक लगेच चोंदायचं, त्याहून मोठी मात्रा त्यांना सोसू लागली.