अप्रकट उष्मा

बर्फ वितळत असताना किंवा पाणी उकळत असताना पदार्थ उष्णता घेत राहतो, पण त्याचे तापमान वाढत नाही. ही उष्णता पदार्थाची अवस्था बदलण्यात खर्च होते. तिला अप्रकट उष्मा म्हणतात. सुप्त उष्णता हा शब्दही रूढ आहे. 0° से. तापमानाच्या 1 किलोग्रॅम बर्फाचे त्याच तापमानाचे पाणी करायला सुमारे 334 किलोज्यूल लागतात. 100° से. तापमानाच्या 1 किलोग्रॅम पाण्याची त्याच तापमानाची वाफ करायला लागतात सुमारे 2,260. कॅलरीत शिकलेल्या पिढीला हेच आकडे ग्रॅममागे 80 आणि 540 असे पाठ आहेत.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब. सेकंदाला 1 किलोज्यूल उष्णता देणाऱ्या शेगडीवर 1 किलो बर्फ ठेवला आणि उष्णता कुठेही वाया गेली नाही असे धरले, तर बर्फ वितळायला साडेपाच मिनिटे लागतील. ते पाणी शून्यापासून उकळीपर्यंत यायला सात मिनिटे, आणि सगळे आटायला पुढे जवळपास 38 मिनिटे. या सुमारे 50 मिनिटांपैकी तापमापीचा पारा चढेल तो मधली सात मिनिटेच.

भाताचे आधण ठेवणाऱ्याला यातला एक भाग ठाऊक असतो. आधण येईपर्यंत आच मोठी ठेवण्यात अर्थ आहे. आल्यावरही ती तशीच ठेवली तर पाणी जास्त खळखळते, वाफ जास्त निघते, पण तापमान 100 अंशांवरच अडते. भात लवकर शिजत नाही, गॅस मात्र लवकर संपतो. कुकरची युक्ती वेगळी: कोंडलेल्या वाफेने आतला दाब वातावरणाच्या जवळपास दुप्पट होतो आणि उत्कलनबिंदूच 120 अंशांच्या आसपास सरकतो. महाबळेश्वरला उलटे घडते. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे उघड्या पातेल्यातले पाणी 95-96 अंशांनाच उकळते आणि डाळ शिजायला वेळ घेते.

उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्या प्रयोगांनी ठसवले, त्यांत ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक (1728-1799) यांचा प्रयोग सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत देखणा. 1760च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दोन सारख्या काचपात्रांत सारख्याच वजनाचे बर्फ आणि बर्फाइतके गार पाणी घेतले आणि दोन्ही एका मोठ्या थंड दालनात टांगून ठेवली. गार पाणी अर्ध्या तासात 33 वरून 40 अंश फॅरनहाइटवर आले. बर्फाला वितळून त्याच 40 अंशांवर यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस पट वेळ. दोन्ही पात्रांत दालनाची उष्णता सारख्याच वेगाने शिरते असे धरून ब्लॅक यांनी हिशोब केला: 21 गुणिले 7 म्हणजे 147; त्यातले 8 अंश वितळलेले पाणी 32 वरून 40 अंशांवर तापण्यात गेले; उरलेले 139 तापमापीला दिसलेच नाहीत. आजच्या मापात हे ग्रॅममागे 77 कॅलरी होतात. एक तापमापी आणि एक घड्याळ एवढ्यावर काढलेले उत्तर 80च्या इतके जवळ आहे.

त्याआधी समज असा होता की बर्फ वितळणबिंदूला आला की थोड्याशा उष्णतेने झटकन पाणी होतो. ब्लॅक यांचा प्रतिवाद सरळ होता: तसे असते तर वसंताच्या पहिल्या उबदार दिवशी डोंगरांवरचे सगळे बर्फ एकदम वितळून प्रचंड पूर आले असते. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉट यांना आढळले होते की थोडीशी वाफ तिच्या सहापट वजनाच्या पाण्याला उकळीपर्यंत तापवते. त्याचे कारण त्यांना ब्लॅक यांच्याकडून कळले. वॉट यांनी स्वतंत्र संघनक (वापरलेल्या वाफेचे पाणी करणारे वेगळे भांडे) जोडलेल्या वाफेच्या यंत्राचे पेटंट 1769 साली घेतले.

ब्लॅक उष्णतेला एक प्रकारचा द्रव मानत. तो समज पुढे रम्फर्ड आणि जूल या शास्त्रज्ञांच्या कामाने मागे पडला, पण मोजमाप टिकले. आजचे स्पष्टीकरण असे: तापमान हे रेणूंच्या हालचालीच्या सरासरी गतिज ऊर्जेशी बांधलेले आहे. अवस्था बदलताना आत आलेली ऊर्जा रेणूंना एकमेकांच्या ओढीतून सोडवण्यात जाते, त्यांचा वेग वाढवण्यात नाही. पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध चिवट असल्याने त्याचे आकडे इतके मोठे आहेत. शिवाय वाफेला जागा लागते. 1 ग्रॅम पाण्याची वाफ साधारण 1.67 लिटर होते आणि तेवढी हवा बाजूला सारायचे काम तिला करावे लागते. 2,260 ज्यूलपैकी सुमारे 170 या कामात जातात, उरलेले आंतरिक ऊर्जेत जमा होतात. ऊष्मागतिकीचा पहिला नियम (दिलेली उष्णता म्हणजे वाढलेली आंतरिक ऊर्जा अधिक केलेले काम) इतका सरळ हिशोबात क्वचितच दिसतो.

बाष्पीभवनाला उकळी लागत नाही. ते कोणत्याही तापमानाला चालते आणि 30 अंशांना तर किलोमागे जास्तच, सुमारे 2,430 किलोज्यूल घेते. माठ चालतो तो यावर. पाणी भोकांतून पाझरते, बाहेरच्या अंगाला सुकते आणि सुकताना उष्णता माठाकडून ओढून घेते. 10 लिटर पाणी 10 अंशांनी गार व्हायला पाव लिटरहूनही कमी पाणी उडावे लागते (बाहेरून आत येत राहणारी उष्णता सोडली तर). क्षारांनी भोके बुजली की माठ पाझरत नाही आणि पाणी गार होत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात नवा माठ.

हवा किती कोरडी आहे यावर मात्र सगळे अवलंबून. नागपुरात 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली तापमापी 23 अंशांपर्यंत उतरते. मुंबईत 34 अंश आणि 70 टक्के असताना ती 29 च्या खाली जात नाही. वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याचे कूलर विदर्भात घरोघरी का, आणि मुंबईत ते खोली नुसती दमट का करतात, याचे उत्तर याच दोन आकड्यांत आहे. घामाचेही तेच: उडाला तर गारवा, अंगावरून नुसता ओघळला तर चिकचिक.

घेतलेली उष्णता उलट प्रवासात पुरती परत मिळते. 1 ग्रॅम वाफ कातडीवर विरून 37 अंशांपर्यंत निवली तर उकळत्या पाण्याच्या साडेनऊ पट उष्णता देते. कुकरच्या वाफेने भाजणे म्हणून वाईट. सह्याद्री चढताना ढगात बाष्पाचे पाणी होते तेव्हाही ती सुटते. 1 चौरस किलोमीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1,000 टन पाणी, आणि ते बनताना हवेत मोकळी झालेली उष्णता विजेच्या सुमारे 6.8 लाख युनिटांइतकी. तापलेली हवा आणखी वर चढते, ढग आणखी उंच होतो. समुद्रावरची चक्रीवादळेही याच इंधनावर चालतात आणि जमिनीवर येऊन बाष्प तुटले की ओसरतात.

वातानुकूलन यंत्राचा 'टन' हाही अप्रकट उष्म्याचाच वारसा आहे. त्याचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही. 907 किलोचा अमेरिकी टनभर बर्फ 24 तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, ती म्हणजे 1 टन, सुमारे 3.5 किलोवॉट. बर्फाच्या लाद्या विकल्या जात त्या काळातले हे माप बर्फ गेला तरी दुकानात टिकून आहे.