बॉबिनचा दोरा पत्तीखालूनच का घ्यायचा?

नाशिकच्या सिडकोत काय किंवा पंचवटीत काय, शिवणक्लासला नव्याने आलेल्या बाईला सुरुवातीलाच तीन गोष्टी बजावल्या जातात. बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) सैल भरायची नाही, तिचा दोरा केसच्या (बॉबिन बसवायच्या धातूच्या डबीच्या) फटीतून डबीवरच्या पत्तीखाली घ्यायचा आणि चाक स्वतःकडेच फिरवायचं. सूचना पाठ होतात, कारणं मात्र क्वचितच सांगितली जातात. खरं तर मशीनची सगळी गंमत त्या कारणांतच आहे.

हाताने शिवताना सुई कापडाच्या आरपार निघून जाते. मशीनची सुई फक्त खाली डोकावते आणि आल्या वाटेने परत वर येते. म्हणून तिचं नेढं टोकाशी असतं. टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारा धोटा, या जोडीचं पेटंट अमेरिकेत एलियास हाऊ यांना १८४६ मध्ये मिळालं. धोटा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. येवल्याच्या मागांवर कांडी भरलेला धोटा अजूनही इकडून तिकडे जातो. हाऊंच्या मशीनमध्येही तो तसाच, वरच्या दोऱ्याच्या फासातून सरळ धावायचा. पुढे १८५१ मध्ये ॲलन विल्सन यांनी फिरत्या हुकचं, म्हणजे फास पकडणाऱ्या आकड्याचं, पेटंट घेतलं. त्यात खालचा दोरा जागीच राहतो आणि वरच्या दोऱ्याचा फास त्याच्याभोवती फिरून येतो. घरच्या काळ्या मशीनमध्येही फास असाच फिरतो, फक्त तिथला फास पकडणारा टोकदार भाग, म्हणजे शटल, पूर्ण फेरा न घेता अर्धा फेरा पुढे जाऊन मागे येतो.

हे प्रत्यक्ष पाहण्यासारखं आहे. सुईखालची सरकती पट्टी बाजूला करा आणि चाक हाताने, अगदी हळू, स्वतःकडे फिरवा. सुई तळाशी पोचते आणि जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर उचलते. सुईच्या एका अंगाला लांब खोबण असते, त्यातला दोरा विनासायास सरकतो. दुसऱ्या अंगाचा दोरा कापडाला घासून अडतो. वर जाता येत नाही म्हणून तो फुगतो आणि नेढ्याजवळ इवलासा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक येऊन फासात शिरतं. सुई उलटी बसवली तर फास भलत्या बाजूला पडतो आणि टाके सुटत जातात.

शटल तो फास ओढून मोठा करतं आणि बॉबिन केसवरून पलीकडे घालतं. फास केसच्या पुढूनही जातो आणि शटलच्या मागूनही. मग ही केस मशीनला जोडलेली असते तरी कुठे? पक्की अशी कुठेच नाही! शटल खोबणीत सैलसर बसतं, केस त्याच्या मधल्या खुंटीवर, आणि केसचं वर आलेलं बोट एका खाचेत अडकतं म्हणून ती गरगरत नाही. चहूबाजूंनी दोरा जाईल एवढी फट ठेवलेली असते. त्या फटीत कापडाचा भुसा साचला की मशीन जड चालते, म्हणून तिथे ब्रश फिरवायचा असतो. ही तरंगती केस मला शिवणयंत्रातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते.

बॉबिन नसती तर? खताच्या गोणीचं तोंड ज्या टाक्याने शिवतात त्यात बहुधा साखळीच असते, फासात फास. योग्य टोक ओढलं की अख्खी शिवण सर्रकन उसवते. गोणीला ते सोयीचं, ब्लाउजला अजिबात नाही.

आता पत्ती. दोऱ्याला ताण देण्यासाठी बॉबिनलाच ब्रेक लावला असता, तर बॉबिन रिकामी होत जाईल तसा ताण वाढत गेला असता, कारण गुंडाळीची त्रिज्या कमी झाली की तेवढ्याच अडथळ्याला जास्त जोराने ओढावं लागतं. म्हणून बॉबिन मोकळी फिरू दिली आणि ताण बाहेरच्या पत्तीवर सोपवला. पत्ती भरल्या आणि रिकाम्या बॉबिनचा दोरा जवळपास सारखाच दाबते. फटीत शिरताना दोऱ्याने उलटं वळण घेतलं पाहिजे, म्हणजे तो पत्तीखालून निसटत नाही. बॉबिन सैल भरली असेल तर वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात, दोरा अडखळतो आणि पत्तीची मेहनत वाया जाते.

ताण बघायला केस दोऱ्याने लोंबकळती धरा. ती आपणहून घसरू नये, पण हलका झटका दिला की थोडी खाली यावी. घसरत असेल तर पत्तीवरचा बारीक स्क्रू किंचित आवळायचा, झटक्यानेही हलत नसेल तर किंचित सैल करायचा.

कापडाखाली दोऱ्यांचा गुंता झाला की दोष बॉबिनला दिला जातो, पण बहुतेक वेळा गडबड वर असते. केसभोवती फिरून आलेला फास वर खेचून घ्यायचं काम वरच्या, दोरा ओवलेल्या आणि वर-खाली होणाऱ्या दांडीचं. वरचा दोरा त्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसेल तर दांडी फास खेचण्याऐवजी रिळावरून नवा दोराच ओढते, आणि फास खालीच साचत जातात. दाबपट्टी (सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना त्या चकत्या मिटलेल्या असतात, म्हणून दोरा त्यांत नीट शिरत नाही. तेव्हा गुंता दिसला की केस उघडण्याआधी दाबपट्टी वर करा आणि वरचा दोरा काढून पहिल्यापासून ओवा.