ऊसतोड कामगार (कोयता)

दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्याचा बॉयलर पेटला की गाव सोडून ऊस तोडायला जाणारे आणि मार्च-एप्रिलला परत येणारे ते ऊसतोड कामगार. सगळ्यात जास्त बीड जिल्ह्यातले, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटच्या पट्ट्यातले, शिवाय पाथर्डी, जालना, परभणीकडचेही. जातात सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरला, नाहीतर सरळ कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. जमीन कोरडवाहू, पावसाचा भरवसा नाही, दिवाळीनंतर गावात हाताला काम नाही, मग करणार काय? १९७२ च्या दुष्काळानंतर हे जाणं वाढलं ते अजून थांबलेलं नाही.

या धंद्यात माणसं हत्यारावर मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा असला तर अर्धा. अर्ध्या कोयत्याला उचल कमी म्हणून पोरापोरींची लग्नं लवकर उरकायची, बालविवाहाचं हे एक मोठं कारण आहे आणि त्यावर नुसती जनजागृती करून काही होत नाही. उचल म्हणजे मुकादमाने, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने, हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. ती दवाखान्यात, लग्नात, पेरणीत निघण्याआधीच संपलेली असते, आणि मग पुढचे पाच-सहा महिने जे तोडायचं ते फिटेपर्यंत. बाईचा अर्धा वाटा त्यात असतोच, पण पैसे घेणार नवरा आणि हिशोबही त्याच्याच नावावर.

राहायला फडाजवळ (उसाच्या शेताजवळ) नाहीतर कारखान्याच्या माळावर कोपी, म्हणजे बांबू, पाचट (उसाचा वाळका पाला) आणि वर प्लॅस्टिकचा कागद, आत वाकूनच जायचं. लाईट नाही, संडास नाही. बायका पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापतात, अंधारातच फडात जातात, पुरुष बुडातून तोडतो, बाई पाचट काढून मोळ्या बांधते. ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्या टोळ्यांना तो येईल तेव्हा भरावा लागतो, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, डोक्यावर मोळी आणि समोर तिरकी लावलेली फळी, दवाने ओली झालेली, तिच्यावरून चढायचं. पाय घसरला तर मोळीसकट खाली. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकून जे चार पैसे येतात तेवढ्यावर रोजचं मीठ-मिरची चालते.

एक दिवस काम बुडालं की खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. पाळीत, गरोदरपणात सुट्टी हा विषयच नाही. बीडमध्ये बायकांच्या गर्भपिशव्या काढायचं प्रमाण गाजलं त्यात याचा मोठा वाटा. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा, अंगावर काढलेली दुखणी आणि ऑपरेशनची घाई करणारे खाजगी दवाखाने, तिन्ही एकत्र आले. पोरांचं म्हणाल तर साखरशाळा (कारखान्याजवळच्या हंगामी शाळा) झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, तरी कडेवर धाकटं घेऊन कोपी राखणारी आठ-नऊ वर्षांची पोरगी कुठल्याही तळावर दिसते.

१९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा झाला तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी, त्यामुळे बीडहून कोल्हापूरला जाणारा त्यात बसलाच नाही. शिवाय कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी फक्त माणसं पुरवतो, मालक नेमका कोण हे साप चावला तरी ठरत नाही. दरवाढ मिळते ती संप करून, जानेवारी २०२४ ला ३४ टक्के मिळाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळही आहे.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून कारखाना बंद झाला, की हिशोब. तोडलेले टन, त्यातून उचल वजा, खाडे वजा. उरलं तर हातात, नाहीतर बाकी फिरते, म्हणजे पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या गाडीत. मुकादमाचंही सगळं गोड नसतं, उचल घेऊन कोयता दुसऱ्या टोळीत पळाला की तो बुडतो, मग घरून माणसं उचलून आणणं, डांबून ठेवणं इथपर्यंत मजल जाते. तोवर जून येतो, पेरणीला पैसे लागतात, आणि मुकादम गावातच असतो.